चौथा मजला, चारशे नऊ

माणूस आणि इतर प्राणी यांच्यात फरक एकच: माणूस निवड करू शकतो. संस्कृती, विज्ञान, कला, लोकशाही, जे काही उभं राहिलं ते या एका शक्तीतून. हे वाक्य माझं आहे. चौतीस वर्षं लिफ्ट-निरीक्षकाची नोकरी करून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मी ते म्हटलं आणि टाळ्याही पडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी मला एका शहरात एक रात्र राहायला हॉटेल निवडायचं होतं. त्याला एकोणचाळीस दिवस लागले. तेवढ्या काळात आमच्या जिन्याखालच्या मांजरीने तीन वेळा घर बदललं, पिलांसकट, आणि एकदाही कुणाचं मत विचारलं नाही.

हॉटेल कशाला हवं होतं ते आधी सांगतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला अख्खं नात्यागोत्यातलं जग ताई म्हणतं, कायमची मुलाकडे चालली होती, समुद्रापलीकडे. राहतं घर विकून झालं होतं, चाव्या नव्या मालकाकडे गेल्या होत्या, आणि शेवटचे दोन दिवस ताई स्वतःच्याच शहरात हॉटेलात काढणार होत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं की एवढा लांबचा विमानप्रवास एकदाच करा, परत यायचं मनात आणू नका.

ताईंनी फोन केला तो मला. बायकोला नाही.

"मेहुणे, जायच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी विमानतळाकडे निघणार. त्या दिवशी दुपारी तिला घेऊन या. एकदा भेटू दे. हॉटेल कुठलं ते तुम्ही ठरवा, मीही तिथेच उतरते. म्हणजे तिला माझ्याकडे आल्यासारखं नको आणि मला तिच्याकडे गेल्यासारखं नको. एकाच मजल्यावर खोल्या घ्या. मधल्या कॉरिडॉरमध्ये भेटू."

दोन देशांच्या पंतप्रधानांनासुद्धा एवढी बरोबरी लागत नसेल. पण या दोघींना लागत होती, कारण चार वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझे सासरे शेवटचं वर्षभर ताईंकडे अंथरुणाला खिळून होते. ताईंनी सगळं केलं. माझी बायको दर दुसऱ्या शनिवारी सहा तासांचा प्रवास करून जायची आणि रविवारी परतायची, कारण सोमवारी छापखान्यात हजेरी. सासरे गेले त्या दिवशी, घरात तीस माणसं बसलेली असताना, ताई म्हणाल्या, "तिचं काय, ती पाहुणी. पाहुण्यासारखी यायची, चहा घेऊन जायची." बायकोने तिथल्या तिथे हातातला कप खाली ठेवला. तेव्हापासून अबोला. निरोपानिरोपी माझ्यामार्फत.

ताईंचं बोलावणं मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

आमच्या घरात "नाही" म्हणजे नाही आणि "बघू" म्हणजे हो, फक्त ते कुणी बोलून दाखवायचं नाही.

म्हणून हॉटेल.

त्या शहरात आमच्या ऐपतीत बसतील अशा दोनच साखळ्या निघाल्या. एकीच्या पाटीवर उगवता सूर्य, दुसरीच्या पाटीवर झोपलेला चंद्र. नावं लक्षात राहिली नाहीत, दोन्हींची नावं औषधाच्या गोळ्यांसारखी होती. सूर्यवाल्यांकडे नाश्ता फुकट पण खोली लहान. चंद्रवाल्यांकडे खोली मोठी पण नाश्त्याला वेगळे पैसे. सूर्यवाल्यांचं हॉटेल स्टेशनाजवळ, चंद्रवाल्यांचं "सर्व सोयींपासून जवळ", म्हणजे कशाच्याच जवळ नाही. एवढ्यात समजूतदार माणसाने निर्णय घेतला असता. आम्ही लोकांची मतं वाचायला बसलो.

बायको तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी इतरत्र फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिलाय.

"ऐका. 'गादी फारच मऊ, कंबर धरली.' त्याच्या खालचा म्हणतो, 'गादी म्हणजे फरशी.' दोघं एकाच आठवड्यात राहिलेत."

"मग?"

"मग काय, दोघांपैकी एकाला माणूस म्हणून नापास करायला हवं. हा बघा, याने एकच तारा दिलाय. कारण काय, तर त्याचं तिथे बायकोशी भांडण झालं."

"हॉटेलचा काय दोष?"

"भिंती पातळ आहेत म्हणतो. शेजारच्याने तिची बाजू घेतली."

असं रोज संध्याकाळी दोन तास. चारशे अकरा अनोळखी माणसांच्या कंबरा, झोपा, नाश्ते आणि संसार आम्ही तपासले. कुणीही लिफ्टबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. फोटोंमध्ये उशा होत्या, कपबशा होत्या, न्हाणीघरातला गुंडाळलेला टॉवेल तीन बाजूंनी होता. लिफ्टचा एकही फोटो नाही. जो माणूस टॉवेलचे तीन फोटो देतो आणि लिफ्टचा एकही देत नाही, त्याला काहीतरी लपवायचं असतं. शेवटी मी सूर्यवाल्यांना फोन लावला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"तुमच्या लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली?"

"सर, आपल्याला लिफ्टजवळची खोली हवीय का?"

"खोली कुठेही द्या हो. मी लिफ्टबद्दल विचारतोय."

"सर, लिफ्टचं वेगळं बुकिंग होत नाही."

"मला लिफ्टमध्ये राहायचं नाहीये, बाई!"

"ओके सर. मग किती लोक राहणार?"

चंद्रवाल्यांनी नऊ मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग फोन कट केला. त्यातल्या त्यात ते अधिक प्रामाणिक वाटले.

मग मी खालच्या मजल्यावरच्या एमआरकडे गेलो. औषधं विकत अठ्ठावीस वर्षं गावोगाव हिंडलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही तो घरात साबणाच्या चिमुकल्या वड्या वापरतो. मी माझा तक्ता त्याच्यासमोर ठेवला: डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र, मध्ये सतरा मुद्दे.

त्याने तक्ता उलटा धरून पाहिला. त्याला काही फरक पडला नाही.

"कुठलंही घ्या," तो म्हणाला.

"कुठलंही कसं घ्या? एवढा अनुभव तुमचा!"

"अनुभव आहे म्हणूनच सांगतो. साखळी म्हणजे काय? एक खोली केली आणि तिचे छाप मारले. तोच दिवा, तीच खुर्ची, भिंतीवर तेच चित्र. मी सकाळी उठून आधी खिडकीबाहेर बघायचो, आपण कुठल्या गावात आहोत ते कळायला. एकदा समोरही आमच्याच साखळीचं दुसरं हॉटेल होतं. त्या दिवशी मी कुणाला औषधं विकली, देव जाणे."

मी हसलो. हसायला नको होतं, पण हे त्या वेळी कळलं नाही.

अडतीसाव्या दिवशी ताईंचा तिसरा फोन आला. "मेहुणे, विमानात बसल्यावर कळवणार का कुठलं ते?" त्या आवाजाने मी ताळ्यावर आलो. सूर्य, स्टेशनाजवळ, चौथा मजला. ताईंच्या मुलाने तिकडून आईची खोली घेतली, मी इकडून आमची. झालं. बायको म्हणाली, "बरं," आणि एकोणचाळीस दिवसांत पहिल्यांदा आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही लागला.

माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण चार दिवसांनी, निव्वळ सवयीने, मी परत मतं उघडली आणि त्यात एक नवीन होतं: "सगळं छान. फक्त लिफ्ट चौथ्या मजल्यावर इंचभर खाली थांबते."

इंचभर! लोकांना वाटतं इंच म्हणजे काय. इंच म्हणजे ठेच, ठेच म्हणजे गुडघा, आणि माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे आधीच बोलके. चौतीस वर्षं मी इंचापायी लिफ्टना कुलपं लावली. आता स्वतःच्या पैशाने इंचभर खाली उतरू? त्याच साखळीची दुसरी शाखा प्रदर्शन मैदानासमोर होती, इमारत नवी. मी शाखा बदलून घेतली. चौथा मजलाच मिळाला. स्वतःवर खूश होतो.

आता हा बदल ताईंना कळवायचा होता. ताईंना जाणारा प्रत्येक निरोप माझ्या फोनवरून जातो, पण त्याआधी तो बायकोच्या हाताखालून जावा लागतो, आणि कागदावर, कारण पडद्यावर चुका दिसत नाहीत असं तिचं ठाम मत. तिने वाचून दुरुस्त केलं की बहुतेकदा तीच माझा फोन उचलून पाठवून टाकते. मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलं: "ताई, हॉटेल तेच, शाखा बदलली आहे. स्टेशनाजवळची नव्हे, प्रदर्शन मैदानासमोरची. तुमची खोलीही बदलून घ्या." आणि तिला दिलं.

"खाली मी एक ओळ घालणारे," ती म्हणाली. "थांबा जरा."

मी थांबलो. ओळ काय ते विचारलं नाही. पान परत आलं नाही, म्हणजे निरोप गेला असणार.

ठरल्या दिवशी दुपारी बाराला आम्ही प्रदर्शन मैदानासमोर उतरलो. खोली चारशे बारा. लहान होती, पण स्वच्छ. गादी मऊही नव्हती आणि कडकही नव्हती; ती दोन्ही माणसं खोटारडी होती. लिफ्ट चौथ्या मजल्याला अशी चपखल थांबली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. बायकोने ठेवणीतली साडी नेसली, बदलली, परत तीच नेसली. मग पलंगाच्या काठावर पर्स मांडीवर घेऊन बसली, जशी माणसं दवाखान्यात बसतात.

दीड वाजता मी ताईंना फोन लावला.

"पोचलो आम्ही. चौथ्या मजल्यावर आहोत."

"मीही चौथ्यावरच. चारशे नऊ. या की."

चारशे नऊ आमच्यापासून दोन दारं सोडून. बायकोने पदर सारखा केला, मी दार वाजवलं. दार उघडलं ते अर्ध्या गालावर साबणाचा फेस असलेल्या एका गृहस्थाने.

"ताई आहेत?" मी विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. बिचाऱ्याला क्षणभर खरंच वाटलं असावं की असतील.

"इथे मी एकटाच आहे," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

मी परत फोन केला. "ताई, चारशे नऊच ना?"

"हो. दारावर लिहिलंय मोठ्ठं. तुम्ही कुठे आहात?"

"चारशे नऊच्या दारात."

"चारशे नऊच्या दारात मी आहे, मेहुणे. बाहेर येऊन उभी आहे. इथे कुणी नाही."

"आम्हीही बाहेरच उभे आहोत."

"कॉरिडॉर निळ्या गालिच्याचा?"

"निळ्याच."

"समोर चित्र आहे, तीन होड्यांचं?"

"तीन होड्या. एक जरा कलंडलेली."

"मग तुम्ही मला दिसत का नाही?"

मी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग त्या एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा. ती आलीच नाही ना? तुम्ही घरूनच बोलताय."

"नाही हो ताई, इथेच उभी आहे माझ्या शेजारी!"

शेजारी उभी असलेली म्हणाली, "मी सांगत होते. मुद्दाम करतेय ती. मला इथे कॉरिडॉरमध्ये उभं करायचं होतं तिला, केलं. चला घरी."

"अगं, असं कसं मुद्दाम करेल?"

"तुम्हाला नाही माहीत. लहानपणी लपाछपीत ती घरी जाऊन जेवायची."

एका कानात एक बहीण, दुसऱ्या कानात दुसरी, आणि दोघींचं म्हणणं एकच, की समोरची आलेली नाही. अशा वेळी माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. मी ठरवलं, शास्त्रीय पद्धतीने जायचं.

"ताई, लिफ्टपाशी जा. दार उघडं धरा. आत बटणांच्या वर एक पाटी असेल, ती वाचा."

मीही आमच्या लिफ्टपाशी गेलो आणि पाय मध्ये घालून दार धरलं. या गुन्ह्यासाठी मी चौतीस वर्षं लोकांना झापलंय.

"वाचते," ताई म्हणाल्या. "आठ माणसं. पाचशे चव्वेचाळीस किलो."

आमच्याही पाटीवर आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. कंपनी तीच. मी बायकोकडे वळून जाहीर केलं, "इमारत एकच आहे. प्रश्नच नाही." ती भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं की माझ्या शास्त्राची मलाच लाज वाटली, आणि तेव्हा मला आठवलं की प्रत्येक लिफ्टला स्वतःचा नंबर असतो.

"ताई, त्या पाटीच्या खाली बारीक अक्षरात नंबर आहे बघा."

"चष्मा लावते. हं. शेवटी दोनशे एकवीस."

आमच्या पाटीच्या शेवटी होतं सातशे चार.

"ताई, तुम्ही लिफ्टमधून बाहेर पडताना ठेच लागली का कधी?"

"रोज! इंचभर खाली थांबते मेली. का?"

मी डोळे मिटले. "ताई, तुम्ही स्टेशनाजवळ आहात."

"मग कुठे असायला हवं? तुम्हीच तर ठरवलंत!"

"शाखा बदलून प्रदर्शन मैदानासमोरची घेतल्याचा निरोप नाही मिळाला?"

"कसला निरोप?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पर्स उघडली, चष्म्याची डबी उघडली, आणि चष्म्याखालून कॅलेंडरचं घडी केलेलं पान काढलं.

"हे इथे कसं?" मी म्हणालो.

"म्हणजे? तुम्ही पाठवला नाहीत निरोप?"

"तू पान परत दिलं नाहीस, म्हणून मी समजलो तू पाठवलास."

"मी पान परत दिलं नाही, तर तो तयार झाला असं समजलातच कसं तुम्ही? तीस वर्षं बघताय माझं काम. झाल्याशिवाय कागद टेबलावरून हलतो का कधी?"

मी पान घेतलं. माझ्या तीन वाक्यांना तिने हातही लावला नव्हता. त्यांच्याखाली तिची ओळ होती: "तुझी वाट पाहते." ती ओळ तिने खोडली होती. मग खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली होती. छापखान्यात त्याचा अर्थ, खोडलं ते चुकून, जसं होतं तसं राहू द्या. मग परत खोडली होती. परत टिंबं. कागदाला त्या जागी भोक पडायला आलं होतं. तीन शब्दांवर ही बाई सोळा दिवस अडकली होती.

भांडायला तोंड उघडलं होतं; त्याऐवजी पान घडी करून तिच्या हातात परत दिलं.

फोनमधून ताई विचारत होत्या, "मेहुणे? अहो मेहुणे? आता काय करायचं?" घड्याळात दोन वाजत आले होते.

"आम्ही निघतो, तुम्ही तिथेच..." मी म्हणालो, आणि कुणीतरी खालून बटण दाबलं. माझा पाय बाजूला झाला, मी आत, बायको माझ्या मागोमाग आत, दार बंद. लिफ्टमध्ये फोनला रेंज नसते. ही गोष्ट पृथ्वीवर ज्या माणसाला सर्वांत आधी माहीत असायला हवी तो मी. पुढे कळलं की ताईंनीही त्याच क्षणी, तिकडच्या लिफ्टच्या दारातून आत सरकत, "मीच येते, तुम्ही तिथेच थांबा," असं सांगितलं होतं. दोन सारख्या लिफ्ट, दोन सारखी माणसं, आणि रेंजही सारखीच, म्हणजे शून्य. खाली आल्यावर मी फोन लावला तर कुणी उचलेना. ताई टॅक्सीवाल्याला पत्ता सांगत असणार. आम्ही रस्त्यावर धावलो.

मधला पूल दुरुस्तीसाठी अर्धा बंद होता. वाटभर मी फोन लावत राहिलो; तो गडबडीत ताईंच्या पर्सच्या तळाशी गेला होता आणि रहदारीत ऐकू येत नव्हता, हे नंतर कळलं. तासाभराने स्टेशनाजवळच्या सूर्यवाल्यांकडे पोचलो आणि आत शिरताच मला वाटलं, टॅक्सीवाल्याने चक्कर मारून परत आणलं. तोच सोफा, तीच कुंडी, काउंटरवरच्या मुलीचा गणवेशही तोच.

"चारशे नऊमधल्या बाई?"

"त्या तासाभरापूर्वी बाहेर गेल्या, सर. बॅगा इथेच ठेवल्यात. बहिणीला भेटायला जाते म्हणाल्या."

बायको सोफ्यावर बसली. बसली म्हणजे कोसळली. त्याच वेळी फोन वाजला.

"मी तुमच्या हॉटेलात आहे," ताई म्हणाल्या. "इथली मुलगी म्हणते तुम्ही बाहेर गेलात. मेहुणे, आता मात्र मला दरदरून घाम फुटलाय."

"ताई, हलू नका! आम्ही..."

"हलू नका काय? माझ्या बॅगा तिथे आहेत, पासपोर्ट बॅगेत आहे. साडेपाचची गाडी तिथेच येणारे. मलाच यायला हवं. आणि तुम्ही दोघं कृपा करून त्या सोफ्याला धरून बसा!"

सव्वातीन वाजत होते. पूल अर्धा बंद, त्यात शाळा सुटायची वेळ. मी मनातल्या मनात गणित केलं आणि ते कुणाला सांगितलं नाही.

चारला फोन केला: पुलाच्या अलीकडे. सव्वाचारला: पुलाच्या अलीकडे. साडेचारला मी फोन लावायला घेतला तर बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ताई," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. "कुठे पोचलीस?"

पलीकडे हॉर्न वाजले. मग ताई म्हणाल्या, "पुलाच्या अलीकडेच आहे गं." बायकोला फोन धरायची सवय नाही, तिच्या गालाने स्पीकर चालू झाला होता. ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने फोन ठेवला असता.

"मी दर दुसऱ्या शनिवारी येत होते, ताई."

"माहितीय मला."

"सहा तास जायला, सहा तास यायला. सव्वीस शनिवार."

"पंचवीस. एकदा तुला ताप होता."

"मग मोजले होतेस तर! मोजले होतेस आणि तीस माणसांत मला पाहुणी म्हणालीस?"

काउंटरवरच्या मुलीने लॉबीतलं संगीत बंद केलं. याला म्हणतात ग्राहकसेवा. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने पान उलटायचं थांबवलं.

"मी दमले होते गं," ताई म्हणाल्या. "वर्षभर झोप नाही. त्या दिवशी मला कुणावर तरी ओरडायचं होतं. बाकी तीस माणसं परकी होती. त्यांच्यावर कशी ओरडणार?"

"म्हणून माझ्यावर?"

"मग कुणावर? हक्काची तू एकटी होतीस."

"हक्काच्या माणसाला पाहुणी म्हणतात?"

"नाही म्हणत." ताईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. "चुकलं माझं. त्याच दिवशी कळलं होतं. फोन करायला गेले तर बोटं चालेनात. मग महिना झाला, मग वर्ष झालं. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने करू?"

"करायचा ना! मी काय उचलला नसता?"

"उचलला असतास?"

बायकोने हातातल्या पानाकडे पाहिलं. "पहिल्यांदा नसता उचलला," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "दुसऱ्यांदा उचलला असता."

तेवढ्यात तिकडून एक पुरुषी आवाज आला, "बाई, रडू नका, पूल मोकळा होतोय." टॅक्सीवाला. वर्तमानपत्रवाला "हुश्श" म्हणाला आणि मग आपण बोललो हे लक्षात येऊन पेपरामागे गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी ताई आल्या. साडेपाचची गाडी पोर्चमध्ये आधीच येऊन उभी होती, तिचा ड्रायव्हर बॅगा डिकीत चढवत होता. काचेचं दार सरकलं. ताई पूर्वीपेक्षा बारीक झाल्या होत्या, केस पार पांढरे, पदर खांद्यावरून सारखा घसरत होता. बायको सोफ्यावरून उठली. गुडघे वाजले ते मलाही ऐकू आले. दोघी लॉबीच्या मध्यावर एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कोण पुढे आली ते मी नीट पाहत होतो, कारण पुढे कधीतरी त्यावरून वाद होणार हे मला माहीत होतं, पण सांगता येणार नाही. दोघींनी एकमेकींना धरलं आणि हलल्याच नाहीत. काउंटरवरची मुलगी टिशूपेपरचा खोका घेऊन बाहेर आली आणि त्यातला पहिला तिने स्वतःच घेतला.

एकोणचाळीस दिवसांची निवड, सतरा मुद्द्यांचा तक्ता, चारशे अकरा माणसांची मतं, दोन हॉटेलं, तीन टॅक्सी, आणि हातात उरली वीस मिनिटं. त्यातली बारा त्यांनी न बोलता घालवली. बोलण्यासारखं सगळं पुलावर बोलून झालं होतं. ड्रायव्हर दोनदा आत डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्याने घड्याळावर बोट ठेवलं.

ताई मागे सरकल्या. त्यांनी बायकोचे दोन्ही खांदे धरले, तिच्या चेहऱ्याकडे डोळे भरून पाहिलं, ओठ हलले, पण शब्द येईना. बायको थांबली. मी थांबलो. वर्तमानपत्रवाल्याने पेपर सरळ खाली ठेवला. शेवटची भेट, ताई आता काय सांगतात ते ऐकायला अख्ख्या लॉबीने श्वास रोखला होता.

"तुझ्याकडे एखादी सेफ्टी पिन आहे का गं?" ताई म्हणाल्या. "सकाळपासून शोधतेय."